दवाआधी की दवानंतर

ठसा दिसला की मामा उकिडवे बसायचे आणि हाताची मागची बाजू मातीला लावायचे. मग ठरलेलं वाक्य, "दवाच्या आदी गेलंय." नाहीतर, "दवाच्या मागनं." तुम्ही-आम्ही ठशात जनावर शोधतो, मामांना त्याची वेळ दिसायची.

पाटणच्या वरच्या अंगाला जंगलखात्याच्या नाक्यावर मी तेव्हा कारकून होतो आणि मामा रखवालदार. साळिंदर कोंबडा आरवायच्या आत बिळात शिरतं, तरस तांबडं फुटताना परततं, भेकर उन्हं चढेपर्यंत चरतं, हे त्यांना शेजाऱ्यांच्या सवयींसारखं पाठ. एकदा मी भर दुपारी रानडुक्कर पाहिल्याची फुशारकी मारली. मामा म्हणाले, "आवं भाऊसाहेब, त्ये आपणहून न्हाई हिंडत. कुनीतरी उठवलंय त्याला."

बेचाळीसनंतरचे दिवस होते ते. भूमिगत माणसं रात्री डोंगर तुडवत आणि दिवसा कपारीत निजत. त्यामुळेच जनावरांच्या वेळा विस्कटल्या, असं मला आता वाटतं. तेव्हा मामा नुसतं डोकं खाजवायचे. "साळिंदर उजाडल्यावर परततंय. लय इपरीत."

एका सकाळी फौजदार आले. ओढ्याकाठी अनवाणी माणसाचे ठसे कपारीकडे गेले होते. दवाआधीचे असतील तर माणूस केव्हाच डोंगरापार. नंतरचे असतील तर तो अजून कपारीतच.

मामा बसले. हात लावला. "दवाच्या आदी."

फौजदार शिपाई घेऊन पलीकडच्या खोऱ्यात उतरले. मी गवताकडे बघत राहिलो. त्या पावलांनी गवतावरचं दव पुसलं होतं. अशी वाट दवानंतरची, हे मला मामांनीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कपारीत चुलीची ताजी राख सापडली आणि चौकशी लागली. मामा जाणूनबुजून खोटं बोलले असं ठरलं तर सरळ तुरुंग. जबाब लिहायचं माझ्याकडे आलं.

"मामा, खरं सांगा. दिसलं नाही, की..."

"म्हातारा आंधळा झालाय, आसं लिवा," मामा म्हणाले. मग, "पर चुकला आसं लिवू नगा."

मी पार गोंधळलो. आंधळा, पण चुकला नाही, हे कागदावर मांडायचं कसं? शेवटी 'नजर अधू' एवढंच लिहिलं. तुरुंग टळला, नोकरी गेली. मला लिहिताना फार वाईट वाटलं.

निघताना मामा नाक्याच्या उंबऱ्याला ठेचकाळले. वीस वर्षं ओलांडलेला उंबरा. मी धरायला धावलो. बाहेर फौजदारांचा शिपाई उभा होता. त्याच्यासाठी ते सोंग होतं, की डोळे खरंच गेले होते? मामा माझा हात धरून पायऱ्या उतरले, आणि तो हात किती घट्ट धरला होता एवढंच मला सांगता येतं.