टँक डिस्ट्रॉयरला बाबांनी घातलेलं छप्पर

गेल्या गुरुवारी डेल सरांचा ऑफिसातला शेवटचा दिवस होता... आणि मी सकाळपासून मांडीवर एक खोका घेऊन धास्तावून बसले होते.

डेल सर म्हणजे इथे आखातात, आमच्या बौशरच्या ऑफिसमधले अमेरिकन सेफ्टी मॅनेजर. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात टँक डिस्ट्रॉयरवर होते, हे ते चहाच्या वेळी सांगायचे. मला आधी वाटायचं, तो टँकचाच एखादा प्रकार असेल...

मग वाचायला लागले, आणि वाचतच राहिले. जर्मन रणगाडे अडवायला अमेरिकेने तोफ बसवलेल्या हलक्या गाड्यांच्या या वेगळ्या तुकड्या उभ्या केल्या होत्या. रणगाडे घुसले की धावत जायचं, दबा धरून तोफ डागायची आणि लगेच जागा बदलायची, अशी कल्पना. म्हणून गाडीचा पत्राही पातळ.

प्रत्यक्षात रणगाड्यांच्या झुंडी फारशा आल्याच नाहीत. ही माणसं मग पायदळाबरोबर राहून बंकर फोडत पुढे गेली. आणि युद्ध संपल्यावर त्या तुकड्याच बंद झाल्या... इतक्या तयारीने उभं केलेलं सगळं असं कसं संपलं, याचं मला अजून कुतूहल आहे.

सरांना निरोपाला काय द्यायचं, अशी चर्चा निघाली तेव्हा मी बोलून गेले, "माझे बाबा मॉडेल करून देतील." बाबा इथल्याच अल अमेरातच्या एका वर्कशॉपमध्ये पत्रा कापून-जोडून वस्तू घडवणारे फॅब्रिकेटर आहेत, मूळचे कणकवलीकडचे. मी त्यांना गाडीचा बाजूने काढलेला एक फोटो दिला. सुट्टीचे तीन शुक्रवार खपून त्यांनी पत्र्याची वीतभर गाडी केली. तोफसुद्धा फिरते!

बुधवारी संध्याकाळी कार्ड लिहिताना, खात्री असावी म्हणून पुन्हा वाचायला बसले आणि चूक दिसली. तोफेच्या फिरत्या भागाला वरून छप्परच नसायचं. वजन कमी राहावं, आतल्यांना चहूकडे दिसावं, म्हणून तो उघडा ठेवलेला. बाबांनी मात्र वर सुरेख पत्रा बसवला होता, कडा घासून...

शाळेत सीट मिळेपर्यंत मला बाबांनीच घरी शिकवलं. चुकलेली बेरीज ते खोडू द्यायचे नाहीत, शेजारी बरोबर करून लिही म्हणायचे. त्याच माणसाला आता चूक दाखवायची?

दाखवली.

"अगो, वरसून उघडी गाडी कोण करता?" बाबा म्हणाले. "पाऊस इलो तर आतली माणसां भिजतली नाय?" मग गाडी बराच वेळ हातात फिरवत राहिले. "आता कापूक गेलंय तर पत्रो वाकतलो. तुझ्या सायबाक सांग, माझ्या बापाशीन चूक केल्यान."

जेवण झाल्यावर मी कार्डावर तळाशी लिहिलं... छप्पर चुकीचं आहे, क्षमस्व.

सरांनी खोका उघडला, कार्ड वाचलं आणि छपरावर बोट टेकवलं. मला वाटलं, संपलं सगळं.

मग ते सांगू लागले. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात वडिलांच्या अंगावर उघड्या गाडीत बर्फ पडायचा. तोफगोळे झाडांच्या शेंड्यांवर फुटायचे आणि तुकडे वरून कोसळायचे. शेवटी त्यांच्या तुकडीच्या वर्कशॉपमधल्या एका वेल्डरने भंगारातला पत्रा शोधून गाडीवर छप्पर चढवलं. म्हातारपणी वडील सेनापतींची नावं विसरले... त्या वेल्डरचं नाव नाही विसरले.

"तुझ्या वडिलांना हे कोणी सांगितलं?" सरांनी विचारलं.

"कोणीच नाही. त्यांना पावसाची काळजी वाटली," मी म्हणाले.

सरांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि छप्पर घालणाऱ्याचं नाव लिहायला सांगितलं. माझी क्षमेची ओळ मी खोडली नाही. शेजारी बाबांचं पूर्ण नाव लिहिलं.

पार्किंगमध्ये येऊन बाबांना फोन केला. मागे ग्राइंडर चालू होता, तो थांबला. सगळं ऐकून ते म्हणाले, "बरा झाला, कापलंय नाय ता." आणि लगेच, "त्या वेल्डराचा नाव काय म्हणालंस?"

ते मी विचारलंच नव्हतं! तशीच परत वर गेले आणि विचारून आले.

आता ते नाव आमच्या घरात दोघांना पाठ आहे. कुठला कोण तो माणूस... पण गाडीत बसणाऱ्यांची काळजी बाबांसारखीच करणारा. दोघांचेही आभार.