वत्सला कासाराकडे का जायची

कोल्हापूर स्टेशनावर मला सोडायला एकटा शंकर आला होता. शंकर म्हणजे मंगळवार पेठेतला माझा भिंतीपलीकडचा शेजारी. उद्यमनगरात आम्ही एकाच कारखान्यात लेथवर काम करायचो. माझ्याजवळ पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि बडोद्याच्या एका कारखान्याचं बोलावणं, एवढंच. सत्तर सालच्या आसपासची ही गोष्ट. गाडी सुटायला अवकाश होता. शंकर तंबाखू मळत म्हणाला, "गड्या, खरं सांग. वैनी पोरीला घिऊन मलकापूरला जाऊन बसली, तू निघालास परमुलखात. झालंय तरी काय?"

मी म्हणालो, "त्या नेमाण्णा कासाराला इचार जा."

शंकरचा हात थांबला. "काय सांगतोस काय!"

मी फसवल्या गेलेल्या नवऱ्यानं घालावी तशी मान खाली घातली. तेवढ्यात गाडीनं शिट्टी दिली. मी बडोद्याला गेलो आणि माझं वाक्य कोल्हापुरात राहिलं.

मंगळवार पेठेतल्या जुन्या शेजाऱ्यांनो, नेसरीच्या भावकीनो, आणि माझ्यासारखंच गाव सोडून बडोद्यात म्हातारे झालेल्या मराठी माणसांनो, ते वाक्य खोटं होतं. ते खोटं आहे हे मला तेव्हाही माहीत होतं.

आमच्या नेसरीच्या घरात आप्पा आईला मारायचे. शेतावरून आल्यावर भाकरी गार लागली तरी पुरायचं. ते कुणी लपवत नव्हतं, कुणाला लपवावंसं वाटतही नव्हतं. आई चुलीपुढचे काचेचे तुकडे गोळा करायची आणि मी काही विचारलं की म्हणायची, "फुटली म्हनू ने रं, बांगडी वाढली म्हनावं." माझं लग्न ठरलं तेव्हा आप्पांनी मला गोठ्यात नेऊन एकच शिकवण दिली. "बायकूला मोकळं हसू दिलंस की घर गेलं म्हून समज."

आणि वत्सला तर मोकळंच हसणारी होती. मलकापूरची, चार भावांतली एकटी. मंगळवार पेठेत आम्ही दोन खोल्या घेतल्या आणि महिनाभरात नळावर, गिरणीत, भाजीवालीकडे तिला सगळे ओळखायला लागले. मला दोन वर्षांत कुणी ओळखत नव्हतं. मी कामावरून येऊन सायकल लावेपर्यंत बाहेरून तिचं हसणं ऐकू यायचं, आणि मी उंबऱ्यात पाय ठेवला की ते थांबायचं. ते माझ्या भीतीनं थांबतंय हे मला कळत नव्हतं. मला एवढंच दिसायचं की जे माझं आहे ते दूधवाल्याला मिळतंय, गिरणीवाल्याला मिळतंय, मला मिळत नाही. मी आत बसून हिशेब विचारायचो. कुणाशी बोललीस, काय बोललीस, त्यात हसण्यासारखं काय होतं?

मी तिच्या तोंडावर कधी मारलं नाही. त्याचा मला अभिमान होता हेही सांगून टाकतो. आप्पांपेक्षा मी सुधारलेला. मी मनगट धरायचो आणि पिळायचो. लेथवर काम करणाऱ्याचा हात. हिरव्या काचा फरशीवर पडायच्या, कधी तिच्या कातड्यात रुतायच्या. भिंतीपलीकडे शंकरची बायको त्या वेळी स्टोला जोरजोरात पंप मारायला लागायची. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर कुणीतरी हटकून म्हणायचं, "काय मिस्त्री, काल लईच बांगड्या वाजत हुत्या की घरात!" सगळे हसायचे. मीही हसायचो. त्या हसण्यात मला पहिल्यांदा पेठेतला माणूस झाल्यासारखं वाटलं होतं.

नेमाण्णा कासाराचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. एक फळकुटांचा ओटा, मागं काचेच्या बांगड्यांच्या ओळी, पुढं बायकांना बसायला चटई. चाळिशीचा माणूस, स्वच्छ टोपी, तोंडात साखर. "हात सैल सोडा, आक्का. माझ्यावर राग काढायचा तर बांगड्या भरल्यावर काढा." बायका हसायच्या आणि हसता हसता बांगडी चढायची. लग्न झालेल्या बाईचं मनगट परक्या पुरुषानं चारचौघांत धरायचं, आणि त्यात कुणाला काही गैर वाटायचं नाही, असा हा एकच धंदा. आमच्याकडे कासाराकडे बाई जाते ती सणाला, लग्नकार्याला, डोहाळजेवणाला. वत्सला एका महिन्यात तिसऱ्यांदा गेलेली मला दिसली, तेव्हा ना सण होता ना लग्न.

माझ्या डोक्यात काय काय आलं ते लिहीत नाही. कारखान्यात काम करताना मला तिचं मनगट त्याच्या हातात दिसायचं. मी धरलं की ती हात आक्रसून घेते, त्याच्यासमोर आपणहून पुढं करते. हा एकच विचार दिवसभर.

सुट्टीच्या दिवशी मी तिच्या मागं गेलो. दुकानात तीन-चार बायका होत्या. नेमाण्णानं वत्सलाचा हात धरला होता आणि तो बांगडी भरतच नव्हता. वाटीतलं तेल घेऊन तिच्या मनगटाला हळूहळू लावत होता. तिनं डोळे मिटले होते. लग्नानंतर तिचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता.

मी ओट्यावर लाथ घातली. बांगड्यांच्या ओळी खाली आल्या. "हात सोड तिचा! गल्लीत लाजलज्जा हाय का न्हाय?"

नेमाण्णानं हात सोडला नाही. त्यानं तो वर केला, सगळ्यांना दिसेल असा. सुजलेला, निळा पडलेला.

"बसा पावणं," तो म्हणाला. "ह्या हातावर बांगडी चढंना म्हून तेल लावतोय. म्हैन्यात तीनदा बांगड्या भराय हौसंनं कोन येत न्हाई. ही सूज माझ्या हातची न्हवं. तुमचा हात दावा बघू, बोटं जुळत्यात का बघू."

मी हात पाठीमागं घेतला.

"सणाबिगर जी बाई येती तिला मी कारन इचारत न्हाई. तुमच्या एकट्याचं न्हवं हे. तुमच्या गल्लीतलीच चार घरं सांगू काय?"

चटईवर बसलेल्या बायकांपैकी एकीनं पदर मनगटावर ओढून घेतला. ती शंकरची बायको होती.

वत्सला उठली, मोकळ्या हातानं, घरी गेली आणि पोरीचे कपडे भरायला लागली. मला म्हणाली, "आता पुरं." त्यापुढं ती माझ्याशी कधीही बोलली नाही. दुपारच्या एसटीनं ती मलकापूरला गेली.

म्हणजे स्टेशनावर उभा असताना मला सगळं माहीत होतं. तिच्या फेऱ्या मी मोजत होतो, त्या माझ्याच माराच्या होत्या. पण हे तोंडानं सांगायचं कसं? त्यापेक्षा नेमाण्णाचं नाव घेणं सोपं होतं.

बडोद्यात माझं बरं चाललं. कारखान्यात मी 'मोटाभाई' झालो. 'केम छो'ला 'मजामा' म्हणायला शिकलो, जेवताना छाश, म्हणजे ताक, घ्यायला लागलो. घरवाळी कुठं असं कुणी विचारलं की गावाकडे आईला बघते म्हणायचो. समोरच्या घरात एक गुजराती जोडपं राहायचं. जेवण झालं की दोघं हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून कापलेलं फळ खायची. तो काहीतरी बोलायचा आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. मी खिडकी लावून घ्यायचो. लेकीचं लग्न झाल्याचं मला चुलतभावाच्या पत्रातून कळलं. कन्यादान मामानं केलं होतं. मी त्या मामावर कितीतरी दिवस जळत होतो, जणू त्यानं माझं काही चोरलं होतं.

ऐंशीनंतर कोल्हापूरचा एक फिटर आमच्याकडे कामाला लागला. त्याच्याकडून कळलं, की पेठेतल्या नवऱ्यांनी बायकांना नेमाण्णाच्या दुकानात जायला बंदी केली होती. दुकान कधीच बंद पडलं. तो सायकलीला पेटी बांधून खेडोपाडीच्या बाजारांना बांगड्या विकत फिरतो. हे ऐकून मला वाईट वाटलं असं लिहिलं तर आणखी एक खोटं होईल. मला बरं वाटलं. तिचं मनगट ज्यानं धरलं तो उन्हात फिरतोय, हे डोळ्यांपुढं आणून मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

गेल्या वर्षी मलकापूरहून फोन आला. लेकीचा. आई गेली, म्हणाली. मग म्हणाली, "दहाव्याला तुमच्या पेठेतली एक म्हातारी आली होती. जाताना अंगणात बोलली, चांगली होती बाई, पण कासारापायी नवरा सोडला. माझ्या मुलांच्या देखत बोलली. पन्नास वर्षांनी! तुम्ही जिवंत आहात तोवर खरं सांगून टाका."

मी कोल्हापूरला गेलो. नेमाण्णाही राहिला नव्हता. त्याची बायको मुलाच्या घरी, पेठेतच, माडीवर राहते. मला पाहून म्हणाली, "या पावणं, कुनाकडलं?" मी नाव सांगितलं.

"लई लौकर आलासा!" ती म्हणाली. बसा म्हणाली नाही.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. सूज, तेल, स्टेशन. ती ऐकत राहिली. मग भिंतीला टेकून खाली बसली.

"ते सांगत हुते मला. देवाची शपत घिऊन सांगत हुते. मी इश्वास ठेवला न्हाई. मला वाटायचं, समद्या पेठेतल्या बायांचं हात धरतोय, एखादा आवडला आसंल. कासाराची बायको मी, आठ वर्सं दुसऱ्या कासाराकडनं बांगड्या भरून आनल्या. त्यांच्या हातात हात दिला न्हाई. ते निस्तं बघायचे."

मी पाया पडायला वाकलो तर तिनं पाय ओढून घेतले.

"रडून दावू नगा. कागूद घ्या आन् ल्हिवा. गल्लीत वाचून दावायचं हाय मला. आन् तुमच्या म्हातारपनाचं ल्हित बसू नगा, त्यांचं ल्हिवा."

तिनं सांगितलं तसं मला जमलेलं नाही, यात माझंच जास्त आलं आहे. म्हणून तिनं वाचायचं ते वेगळं लिहितो. नेमाण्णा कासारानं वत्सलाच्या सुजलेल्या मनगटाला तेल लावलं, याखेरीज त्या दोघांमध्ये काही नव्हतं. वत्सलानं नवरा सोडला तो माराला कंटाळून. मारणारा मी होतो. आणि त्या गल्लीत मी एकटा नव्हतो. ज्यांच्या घरांतून बायका सणाबिगर बांगड्या भरायला जात होत्या, त्यांनीच सगळ्यांत आधी माझ्या वाक्यावर विश्वास ठेवला. त्यांना ते सोयीचं होतं.

त्या दिवशी तिच्या माडीचा जिना उतरताना मागून आवाज आला म्हणून मी वळून पाहिलं. ती भिंतीवरच्या नेमाण्णाच्या फोटोपुढं उभी राहून बोलत होती, रागानं, रडत, मधेच त्याचं ऐकल्यासारखं थांबत. एवढं बोलायचं साठलं होतं तिच्याकडे. या वयात, त्या पायरीवर, मला त्या फोटोचा हेवा वाटला.

बडोद्यात कुणी विचारलं की मी आजवर म्हणत आलो, आपलं घर कोल्हापूरला. आता तसं म्हणणार नाही. आपण गेल्यावरही जिथं कुणाला आपल्याशी भांडायचं उरतं, ते घर. नेमाण्णाला ते आहे. मी मंगळवार पेठेत फक्त भाड्यानं राहिलो होतो.