जपानी साहेबांच्या मुलीचा पहिला हॉल

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. आप्पा तर माझ्याहून मोठ्यानं सांगायचे. ते बमरोलीच्या एका कापड-कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. शेठनी जपानहून नवा माग आणला, तो बसवायला एक जपानी इंजिनियर आले, आणि त्यांच्यासाठी ठेवलेला दुभाष्या दोन दिवसांत पळाला. तेव्हा आप्पा शेठपुढे जाऊन म्हणाले, "मेरी लड़की कॉलेज में है. फटाफट इंग्लिश बोलती है."

मी बोलत नव्हते, नुसतं वाचत होते. पण आप्पांनी शब्द दिलेला. कॉलेज सकाळचं, म्हणून दुपारी दोननंतर मी कारखान्यात. साहेबांचं इंग्रजी माझ्याइतकंच लंगडं निघालं आणि त्यामुळेच आमचं जमलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी खिशातून एक फोटो काढला. पाच मुली, सारखे पिवळे झगे, पांढरे मोजे, इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानासमोर उभ्या. डावीकडून दुसरी त्यांची.

"सिंगर?" मी विचारलं.

"बिगिनर," साहेब म्हणाले आणि लाजले.

त्या पाचजणींचा गाण्या-नाचाचा ग्रुप नुकताच सुरू झाला होता. दुकानाचं उद्घाटन असलं की गायच्या, जत्रेत गायच्या. कार्यक्रमाच्या आधी स्टेशनबाहेर उभ्या राहून स्वतःच जाहिरातीच्या चिठ्ठ्या वाटायच्या, आणि नंतर कॅसेट घेणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवायच्या. झग्यांना इस्त्रीसुद्धा स्वतःच करायच्या. दर रविवारी साहेब हॉटेलातून घरी फोन लावत आणि सोमवारी दुपारी सगळं खातं चहाच्या वेळी माझ्याभोवती गोळा होई. "पोरींचं काय झालं काल?"

एका सोमवारी मी सांगितलं, पाऊस आला, छत्र्या घेऊन फक्त नऊ माणसं थांबली, तरी मुलींनी तिन्ही गाणी पुरी म्हटली.

"नऊच?" एक कारागीर जपानवरच चिडला. "सांग त्यांना, आमच्या डिंडोलीत आणा गणपतीत. मांडव कमी पडंल!"

आप्पांना मात्र आधी ते पटलं नव्हतं. घरी जाताना सायकलवर मला म्हणाले, "पोरले असं रस्तावर नाचाले धाडस हाऊ?"

"आणि तुम्ही पोरीला कारखान्यात धाडता ते?"

फाटकापाशी ते सायकलवरून उतरले. मग म्हणाले, "बरोबर शे तुनं."

मग एका सोमवारी बातमी आली की मुलींना पहिल्यांदा हॉल मिळाला. स्वतःचा कार्यक्रम, तिकीट लावून, पुढच्याच्या पुढच्या रविवारी. साहेबांना त्याआधीच्या गुरुवारी विमान धरायचं होतं. पण शेठची अट साधी होती: माग सबंध पाळी, सकाळी सात ते संध्याकाळी सात, आपोआप न थांबता चालला की काम पुरं झाल्याच्या कागदावर सही. त्याशिवाय साहेबांना सुटका नाही.

आणि माग थांबत होता. धागा तुटला तर माग बंद करायला त्याला एक बारीक विजेचा डोळा होता. धागा धड असूनही तो डोळा सकाळपासून माग बंद पाडायचा. साहेब दहाला हॉटेलातून येत, डोळा पुसत, मग तो दिवसभर नीट चाले. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

"रेड डस्ट," साहेब मला चिंधी दाखवून म्हणाले. लाल, तेलकट. शेजारी रंगाई-छपाईची मिल होती. साहेबांनी ठरवलं, तिकडून रंग उडतो. सगळ्या खिडक्यांना प्लॅस्टिक ठोकलं. खातं भट्टीसारखं तापलं आणि माग तरीही थांबला. शेठ रोज येऊन माग कधी चालणार ते विचारत, "बेन, पूछो तो साहेबने, आ क्यारे चालशे?" साहेब फोटो काढत आणि परत खिशात ठेवत.

पुढच्या सोमवारी कॉलेजला सुट्टी होती, म्हणून मी आप्पांबरोबर सकाळी सातलाच गेले. पाळी सुरू होताना आमचे लोक मागाला अगरबत्ती ओवाळतात, कुंकू लावतात. जुन्या मागांचं ते झालं. मग आप्पा नव्या मागापाशी आले, वाटीतलं तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्यावर घेतलं आणि नेमकं त्या डोळ्यावर टेकवलं. एकदा नाही, पाचदा.

"आप्पा! तिथं का?"

"तठेच दिवा लुकलुकस. तठेच त्याना जीव शे." आणि हळूच म्हणाले, "आधी एकच बोट लावत व्हतू. थांबाले लागना तशे पाच कऱ्यात. नजर लागेल शे त्याले."

मला हसू आवरेना आणि रडूही. महिनाभर साहेब ज्या धुळीमागे लागले होते, ती आमच्या आप्पांच्या वाटीत होती. मी समजावून सांगितलं. आप्पा वीस वर्षं जॉबर, खात्यात त्यांच्या शब्दाला मान. त्यांनी वाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता म्हणतील, कोणाला सांगू नको.

दहाला साहेब आले. आप्पा स्वतः पुढे गेले, लाल अंगठा त्यांच्यासमोर धरला, आणि डोळ्याकडे बोट दाखवलं.

साहेबांनी अंगठा पाहिला, चिंधी पाहिली, प्लॅस्टिकनं बंद केलेल्या खिडक्या पाहिल्या. मग असे हसले की खाली बसले. बसल्याबसल्याच मला विचारलं, हे कशासाठी लावतात. मी म्हटलं, मशीन चांगलं चालावं म्हणून. ते उठले, खडूनं मागाच्या लोखंडी अंगावर एक गोल काढला आणि आप्पांना वाकून म्हणाले, "आप्पा-सान, हियर. प्लीज."

मंगळवारी सकाळी सातला आप्पांनी त्या गोलात कुंकू लावलं. मी कॉलेजला दांडी मारली, हे कबूल करते. बारा वाजले, तीन वाजले. जेवायलाही कोणी लांब जाईना. सातला भोंगा झाला तेव्हा माग चालूच होता. शेठनी मागावरच कागद ठेवून सही केली. साहेबांनी टेप लावला, त्या मुलींचं गाणं, आणि आमच्यासमोर मुलीच्या नाचाच्या स्टेप्स करून दाखवल्या. चाळीस माणसं टाळ्या वाजवत होती. आप्पांनी दोन स्टेप्स उचलल्याही, हात मात्र लग्नाच्या वरातीतले.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मी वाचून आप्पांना सांगितलं: साहेब वेळेवर पोचले. हॉल भरला. तिकीट न मिळालेली माणसंही दाराशी होती. साहेब शेवटच्या रांगेमागे उभे राहिले आणि तिथून त्यांना मुलगी नखाएवढी दिसली.

"उभा ऱ्हायना?" आप्पा उठूनच बसले. "बापले खुर्ची नही भेटनी?"

"नाही भेटली. सगळ्या भरल्या होत्या."

"वा!" आप्पांनी मांडीवर थाप मारली. "वाच, परत वाच ते."