राइकोंगोचं मरण

मिनेको त्सुरुओकाला कुरोसु-सान दिसले, त्याच्या चांगलं दीड मिनिट आधी ऐकू आले. साल १९७८, महिना एप्रिल, जागा योयोगीतल्या एका स्टुडिओचं तळघर. ती चोवीस वर्षांची होती आणि पहिल्या मोठ्या कामाला आली होती. जिन्यावर कुणीतरी नुसतं "शुभ सकाळ" म्हणालं. मिनेको आजही शपथेवर सांगते की त्या दोन शब्दांनी कपाटातल्या कपबश्या एकमेकींना बिलगल्या, दोन गल्ल्या पलीकडच्या देवळातल्या घंटेने ओ दिली आणि भूकंपाचा सराव असलेली स्टुडिओची मांजर शिस्तीत टेबलाखाली जाऊन बसली. वेळ दुपारी चारची होती, पण या धंद्यात माणूस कधीही आला तरी सकाळच होते.

तिने मान वर करून दाराच्या वरच्या चौकटीकडे पाहिलं, कारण असा आवाज ज्या छातीतून निघतो ती छाती तिथेच कुठेतरी असणार. तिथे कुणी नव्हतं. नजर उतरवत उतरवत आणली तेव्हा आपल्या खांद्याच्या पातळीला तिला एक गृहस्थ सापडले. एका हातात छत्री, काखेत जेवणाचा डबा, डोक्यावर बायकोने विणलेली लोकरी टोपी. पोस्टात तिकिटं विकणारा माणूस रजेवर निघालाय असं वाटावं.

"बाजूला हो, पोरा," ते म्हणाले. "पृथ्वी वाचवायचीय, आणि आधीच उशीर झालाय."

'पोरा' म्हणायचं कारण असं की मिनेकोला एका कार्टून मालिकेतल्या केन्ताचा आवाज द्यायचा होता. केन्ता अकरा वर्षांचा, आणि खऱ्या अकरा वर्षांच्या मुलाचा आवाज दोन वर्षांत फुटतो, म्हणून अशी कामं बायकांकडे असतात. केन्ता ज्याच्या छातीत बसून शत्रूशी लढायचा तो राइकोंगो, सत्तावन्न मीटर उंच, लोखंडी, बोलणारा यंत्रमानव. त्याचा आवाज कुरोसु हिदेयासु. मूर्ती लहान, कीर्ती महान, एवढंच म्हणून सोडून देता आलं असतं. पण मूर्ती इतकी लहान होती की एकदा एका दुकानाच्या गच्चीवरच्या कार्यक्रमात 'हेच राइकोंगो' म्हणून त्यांची ओळख करून दिल्यावर पहिल्या रांगेतली चार मुलं हमसून रडली, आणि पाचव्याने आईला पैसे परत मागायला सांगितलं.

पण कुरोसु-सानना अभिमान आवाजाचा नव्हता. आवाज देवाने दिला, त्यात माझं काय, म्हणायचे. त्यांना अभिमान होता पान उलटण्याचा. एका खोलीत चार माइक, अकरा नट, प्रत्येकाच्या हातात संवादांचं बाड. ज्याची पाळी त्याने मांजराच्या पावलाने माइकपाशी जायचं, बोलायचं, मागे सरायचं, आणि या सगळ्यात कागद वाजता कामा नये. सळसळणारे कपडे नकोत, बांगड्या नकोत, रिकामं पोटसुद्धा नको, कारण माइक पोटाची तक्रारही टिपतो. पहिल्याच दिवशी मिनेकोचं पान वाजलं, सबंध प्रसंग पुन्हा करावा लागला, आणि ती रडकुंडीला आली. कुरोसु-साननी तिला कोपऱ्यात नेऊन तासभर एकच पान उलटायला लावलं. झोपलेलं मांजराचं पिल्लू मांडीवरून उशीवर ठेवतेस ना, तसं ठेव त्याला, म्हणाले. त्याला कळता कामा नये की आपली जागा बदलली.

त्यानंतर एकतीस वर्षं ती दोघं एकमेकांशेजारी उभी राहिली. मालिका बंद पडायची, चार वर्षांनी नव्या रंगात पुन्हा यायची. मिनेकोने लग्न केलं, मोडलं, गुडघे दुखायला लागले, केन्ता अकराचाच. कुरोसु-सानची बायको गेली. टोपी राहिली. ते मिनेकोला 'पोरा' म्हणत, ती त्यांना तोंडावर 'म्हातारा पत्रा' म्हणे, आणि प्रत्येक मालिका संपली की दोघं जाऊन भातावरचा भाजलेला वाम मासा खात. जेवताना पहिल्या मालिकेत कुणी कुणाचं वाक्य खाल्लं होतं यावरून इतकं कडाक्याचं भांडत की हॉटेलवाला त्यांना आतल्या खोलीत बसवायचा.

मग २००८ च्या शरदात शेवटची मालिका आली. तेरा भाग. या वेळी ठरलं होतं की तेराव्यात राइकोंगो मरणार.

पाचव्या भागाच्या ध्वनिमुद्रणाला काचेपलीकडून नागुमोचा आवाज आला. नागुमो ध्वनिदिग्दर्शक, वय अडतीस, कान वटवाघळाचे. आत प्लॅस्टिकची पिशवी कुणाकडे आहे, त्याने विचारलं. कुणाकडेच नव्हती. पुन्हा सुरुवात झाली, पुन्हा ती सळसळ. एका नव्या मुलीला कानातलं काढायला लावलं. एकाचे बूट काढले. तिसऱ्या वेळी मिनेकोने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तर बाजूचं बाड थरथरत होतं. उजव्या हाताचा अंगठा, ज्याने तिला पान उलटायला शिकवलं होतं, तो कागदावर पाऊस पडावा तसा वाजत होता. कुरोसु-साननी तिच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत त्या चेहऱ्यावर तिने चिडचिड पाहिली होती, घमेंड पाहिली होती, बायकोच्या प्रेताशेजारी बसलेली शांतता पाहिली होती. भीती पहिल्यांदा पाहिली.

"माझा स्कार्फ असेल," मिनेको मोठ्याने म्हणाली. तिने तो काढून कोपऱ्यात फेकला. नव्या मुलींना फार बरं वाटलं.

दुपारी सोबा नूडल्सच्या दुकानात कुरोसु-साननी काड्या हातात घेतल्याच नाहीत. वाटी तोंडाला लावली आणि नूडल्स प्यायले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, गोळ्या दिल्या होत्या. आज हात, उद्या पाय, पुढे जीभ. केव्हा, ते डॉक्टरला सांगता येत नव्हतं. मिनेको म्हणाली, नागुमोला सांगू, तो तुम्हाला बाड ठेवायला घोडी देईल, वेगळं एकट्याचं मुद्रण करेल. त्यावर त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने वाम मासा उकडून खायला सुचवलं. घोडी मागितली की का मागितली ते सांगावं लागणार. सांगितलं की मालिकेच्या मधोमध आजारी नट नको म्हणून भूमिका जाणार. नागुमोने दोन आठवड्यांपूर्वीच हियामा नावाचा एक पस्तिशीचा जाडा आवाज 'बघायला' म्हणून बोलावून दाराजवळच्या बाकावर बसवला होता.

"आठ भाग राहिलेत, पोरा," ते म्हणाले. "तेवढे कसेही ढकलायचे. एकतीस वर्षं मी त्याला जिवंत ठेवलाय. मरताना त्याच्या तोंडात दुसऱ्याची जीभ नको."

मग जे उपाय झाले ते सांगताना मिनेकोला अजून हसू येतं आणि मधेच येईनासं होतं. आधी त्यांनी पानं इस्त्री केली. मग पाण्याचा फवारा मारून मऊ केली. शाई उतरली, आणि सहाव्या भागात राइकोंगोने निळ्या बोटांनी आणि, घाम पुसल्यावर, निळ्या नाकाने पृथ्वी वाचवली. मग एक रविवार घालवून प्रत्येक पानाला मागून जुन्या चादरीचं कापड चिकटवलं. आवाज गेला, पण बाड एवढं फुगलं की ते धरायलाच दुसरा राइकोंगो लागला असता. शेवटी उरला एकच मार्ग. सगळं पाठ करायचं.

वय सदुसष्ट. दर भागाला साठ-सत्तर वाक्यं. मिनेको मंगळवारी आणि बुधवारी शहरातल्याच हिगाशी-नागासाकी भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी जायची आणि बाकीच्या दहा जणांची वाक्यं म्हणायची. चित्रं तोवर पुरी झालेली नसायची. स्टुडिओतल्या पडद्यावर पांढऱ्या भागावर नुसती नावं उमटायची, राइकोंगो, केन्ता, राइकोंगो, आणि नाव आहे तेवढ्याच वेळात बोलायचं. म्हणून ती घड्याळ घेऊन बसायची. एका बुधवारी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पोलीस बोलावले. वरच्या घरात एक म्हातारा पृथ्वी नष्ट होणार म्हणून ओरडतो आणि एक लहान मुलगा त्याला सोडून जाऊ नकोस म्हणून रडतो, अशी तक्रार होती. पोलिसाने लहान मुलगा कुठे आहे विचारलं. मिनेकोने केन्ताच्या आवाजात नमस्कार केला. पोलीस राइकोंगो बघतच मोठा झाला होता. तो दारातच रडायला लागला, आणि त्याला चहा द्यावा लागला.

स्टुडिओत कुरोसु-सान मिटलेलं बाड काखेत दाबून, दोन्ही हात खिशात घालून उभे राहू लागले. नव्या पोरांना वाटलं, ही काय साधना. दोन आठवड्यांत चार जणांनी बाड काखेत मारलं आणि चौघंही ओळी विसरले.  नागुमो मात्र हियामाला दर गुरुवारी, म्हणजे दर ध्वनिमुद्रणाला, बोलावत राहिला.

असे सात भाग निघाले.  आता खिशाच्या आतून कुरोसु-सानची पँट हलताना दिसायची. दहाव्या भागात त्यांचं एक वाक्य हरवलं. तिने केन्ताच्या तोंडून त्या वाक्याचा पहिला शब्द प्रश्नासारखा विचारला, आणि ते रुळावर आले. अकराव्यात दोनदा. बाराव्या भागानंतर ते जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. ती शेजारी बसली. एक राहिला, ते म्हणाले. ती म्हणाली, ठाऊक आहे, मोजता येतं मला.

फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. सकाळी दहाला सगळे जमले. मरणाची बारा वाक्यं त्यांना इतकी पाठ होती की मिनेकोलाही झोपेत येत होती. तेवढ्यात नागुमो स्वतः आत आला आणि त्याने सुटी पानं वाटली. लेखकाने पहाटे शेवट पुन्हा लिहिला होता. बाराची एकोणीस वाक्यं झाली होती आणि त्यांतलं एकही जुनं नव्हतं. वीस मिनिटं वाचायला.

कुरोसु-साननी पान घेतलं. ते त्यांच्या हातात पकडलेल्या चिमणीसारखं फडफडलं. त्यांनी ते पटकन टेबलावर ठेवलं आणि वर चष्म्याचं घर ठेवलं. मिनेको पुढ्यात उभी राहिली, म्हणजे काचेतून दिसू नये. वीस मिनिटांत दोघांनी ती एकोणीस वाक्यं कोपऱ्यात अकरा वेळा म्हटली. सहा बसली. सातव्यापाशी दर वेळी भिंत.

"सांगून टाका," ती म्हणाली. "पाया पडते. दहा मिनिटांचं काम आहे, घोडीवर ठेवून वाचा."

"हियामा बाकावर बसलाय," ते म्हणाले. "त्याने घसा तयार ठेवलाय. मी ऐकलं, तो प्रसाधनगृहात गुणगुणत होता."

लाल दिवा लागला. या खोलीत एक नियम कुणी लिहिलेला नाही आणि कुणी मोडत नाही: दुसऱ्याच्या माइकसमोर जायचं नाही. मिनेको आपला माइक सोडून त्यांच्या डाव्या बाजूला गेली आणि आपली पानं दोन्ही हातांनी त्यांच्या नाकासमोर धरली. मागे कुणीतरी श्वास आत घेतला. नागुमो काचेमागे उठून उभा राहिला. पडद्यावर नाव उमटलं, राइकोंगो.

तो बोलायला लागला.

आता अडचण अशी की त्या सबंध प्रसंगात केन्ताला वाक्य नव्हतं, पण रडायचं होतं. हुंदके, धाप, नाक ओढणं, सगळं मिनेकोने त्याच माइकवर, त्याच वेळी द्यायचं होतं. माणूस रडतो तेव्हा खांदे हलतात, खांदे हलले की हात हलतात, आणि हात हलले की कागद. तिने एकतीस वर्षं नाटकी रडून काढली होती, तेव्हा हात कसे ठेवायचे हा प्रश्नच पडला नव्हता. आज घशातून येत होतं ते नाटकी नव्हतं, आणि खांद्यांपासून खाली ती दगडाची झाली होती. नाकातून पाणी ओठावर आलं, ओठावरून हनुवटीवर. तिने पुसलं नाही. आठव्या वाक्याला पान संपलं. तिने झोपलेलं पिल्लू उचललं आणि उशीवर ठेवलं. त्याला कळलं नाही.

कुरोसु-सानचा रिकामा हात तिच्या कोपराजवळ हवेत हलत होता, कुठे टेकायचं ते न कळून. आवाज मात्र हलला नाही. सत्तावन्न मीटरचा लोखंडी देह बर्फात गुडघ्यावर बसला, मुलाला म्हणाला की आता तू मोठा हो, आणि एकोणिसावं वाक्य अर्ध्यात असताना, लिहिलं होतं तसं, बंद पडला.

लाल दिवा विझला.  नागुमो स्पीकरमधून म्हणाला, खबरदारी म्हणून आणखी एकदा घेऊ या का. आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाला, नको, हेच ठेवू. हियामा बाकावरून उठला आणि कमरेत वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

संध्याकाळी दोघांनी भातावरचा वाम मासा खाल्ला. मिनेकोने त्यांना चमच्याने भरवला, आणि ते चावता चावता म्हणाले की अकराव्या वाक्याला तुझा हुंदका अर्धा सेकंद लवकर आला. ती म्हणाली, तुमच्या जन्मात तुम्हाला घड्याळ कळलं नाही, म्हाताऱ्या पत्र्या. हॉटेलवाल्याने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मालिकेला पैसा पुरवणाऱ्या खेळण्यांच्या कंपनीने कळवलं की जुलैत राइकोंगोचं नवं खेळणं बाजारात यायचंय, तेव्हा तो मरणार नाही. प्रसंग काढला. त्याच्या जागी एक वाक्य घातलं, "मी परत येईन, केन्ता." कुरोसु-सान न्हाणीघरात पडून खुबा मोडल्यामुळे इस्पितळात होते, म्हणून ते हियामाने म्हटलं. मिनेकोला त्यावर "हो" म्हणायचं होतं. दोन्ही मिळून चार मिनिटांत झालं.