टोकावरचे दोन ठिपके

बोल्ट तुटतो तेव्हा मोठा आवाज होत नाही. पाना हातात एकदम हलका होतो, एवढंच. माझी शाळा चौथीत सुटली आणि पुढची चाळीस वर्षं लोखंड कातायच्या लेथवर गेली. तो हलकेपणा मला डोळे मिटूनही कळतो. गाडीच्या बॉनेटखाली मी वाकलेला होतो, तसाच राहिलो.

ओट्यावरून बायकोनं विचारलं, "तुटला का?"

"नाही."

"मग गप्प का झालात?"

गाडी जुनी, लहान, पेट्रोलवरची. हिचे दोन्ही गुडघे गेलेत, बसची पायरी चढवत नाही. आम्ही झाशीत, हिची बहीण जवळच चिरगावला अंथरुणावर आहे. दर मंगळवारी हिला तिथे नेतो ते याच गाडीनं. पण गाडी थकली होती. पुलाचा चढ लागला की दुसऱ्या गिअरमध्येही धापा टाकायची आणि मागचे हॉर्न वाजवत राहायचे. मुलगा भोपाळहून फोनवर म्हणायचा, "बाबा, बेच दो ना. टॅक्सी लावून देतो." टॅक्सीवाला हिला कमरेला धरून सीटवर बसवणार नाही, ते मलाच जमतं. मी ठरवलं, विकायची नाही, तिच्यात दम भरायचा. भंगारातून एका मोठ्या गाडीचा कार्बोरेटर आणला. धूर बाहेर जायला जाड, मोकळा नळा वाकवून घेतला. इंजिनला नीट श्वास घेता आला तर ते ओढेल.

जुना नळा इंजिनच्या हेडवर, म्हणजे वरच्या भागावर, आठ बोल्टांनी बसलेला. मी पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढला आणि निघालेला एकेक बोल्ट आपापल्या जागी टोचून ठेवला. लिहून ठेवायचा मला कंटाळा, पण असं ठेवलेलं कधी चुकत नाही. सात निघाले. आठवा, मागच्या कोपऱ्यातला, हलेना. ही म्हणाली होती, तेल सोडा आणि उद्यापर्यंत राहू द्या. मी पान्याला लोखंडी पाईप लावून जोर दिला.

तुटल्यावर तोंडात शिवी आली ती ओरछा गेटजवळच्या मिस्त्रीच्या नावाची. बारा वर्षांपूर्वी त्यानं या नळ्याखालचं पॅकिंग बदललं होतं, आणि चार दिवसांत तिथून फटफट आवाज यायला लागला होता. तेव्हा त्याच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, मी त्याला सांगून आलो की तुझ्या हातात पाना शोभत नाही. तो एवढंच म्हणाला, "दद्दा, पीछे वाला हमने ठीक कसा था." त्यानंतर आमचं बोलणं नाही. बाजारात जायचं तर मी पलीकडच्या गल्लीनं जातो. आता आत अडकलेला तुटका खुंट बघून, खरं सांगतो, मला थोडं बरंही वाटलं. त्याच्या चुकीचा पुरावा मिळाला होता.

मग ड्रिल घेतलं. हेड ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. अशा ठिकाणी ड्रिल कडक बोल्टवरून घसरतं आणि बाजूच्या मऊ धातूत शिरतं. शिरलं की हेड गेलं, आणि या गाडीचं हेड आता झाशीतच काय, कुठेही मिळत नाही. म्हणजे गाडी भंगारात आणि हिचं चिरगाव बंद. हे मला ठाऊक होतं, तरी लावलं. मधोमध धरलेलं ड्रिल कडेला सरकलं. ॲल्युमिनियमपासून केसभर अंतर राहिलं असेल. माझा हात थरथरला आणि मी थांबलो.

ही म्हणाली, "त्यांच्याकडे वेल्डिंगची मशीन आहे."

"कोणाकडे?"

"सकाळपासून ज्यांच्या नावानं बोलताय त्यांच्याकडे."

"त्याच्या दारात मी जाणार नाही."

"मग मी जाते. या गुडघ्यांनी संध्याकाळपर्यंत पोचेन."

मी गेलो. त्याचे केस पांढरे झालेले. तो स्टुलावरून उठला नाही. "आओ दद्दा. बारा साल में रस्ता याद आ गया?"

"बोल्ट टूटा है."

"किसका?"

"तेरा."

तो नाकातून हसला आणि मशीन स्कूटरवर बांधायला लागला.

घरी येऊन त्यानं बॅटरीच्या उजेडात खुंट पाहिला. "ये टेढ़ा छेद किसने किया?"

"मैंने."

"रुके कहाँ?"

"जहाँ हाथ काँपा."

"अच्छा किया," तो म्हणाला. बारा वर्षांतला त्याचा पहिला चांगला शब्द, तोही माझ्या कापऱ्या हातासाठी.

त्यानं खुंटावर एक नट ठेवला आणि नटाच्या पोटातून वेल्डिंग करून दोन्ही एकमेकांना जोडून टाकले. मग हिच्याकडे मेणबत्ती मागितली. तापलेल्या लोखंडाला ती टेकवली तसं मेण वितळून आट्यांत शोषलं गेलं. हे मलाही येतं, पण मला तेव्हा सुचलं नव्हतं. पाना लावून तो नट जरा पुढे, जरा मागे करत राहिला. घाई नाही, पाईप तर नाहीच. शेवटी कुरकुरत तुकडा बाहेर आला.

त्यानं तो फडक्यानं पुसला, टोक पाहिलं, आणि माझ्या तळहातावर ठेवला. टोकावर पंचनं मारलेले दोन ठिपके होते.

ते ठिपके माझे. लेथवर बनवलेल्या प्रत्येक वस्तूवर मी ते मारायचो, आणि डोक्यावर नाही, आतल्या टोकावर. वरून दाखवायला नको, जो उघडेल त्याला कळावं की काम कोणाचं आहे, अशी माझी मिजास.

मग आठवलं. फटफट सुरू झाली तेव्हा मी आधी त्याच्याकडे गेलोच नव्हतो. स्वतः पाईप लावून कसत बसलो, तोवर त्या भोकाचे आटे फाटले. मग लेथवर थोडा जाड बोल्ट केला आणि ठोकून-पिळून आत घातला. तरीही आवाज थांबला नाही, तेव्हा दुकानात ओरडायला गेलो. खोटं बोललो असं मला कधी वाटलं नाही, कारण ही हकीकत मी स्वतःलाच सांगितली नव्हती. गंजल्यावर सगळ्या बोल्टांची डोकी सारखीच दिसतात.

"निशान किसका है, दद्दा?" त्याला माहीत होतं. अर्ध्या शहरातले मिस्त्री माझ्याकडून बुश, म्हणजे धातूची नळकांडी, करून न्यायचे. मूठ मिटता आली असती. ओट्यावरून ही बघत होती.

"मेरा," मी म्हणालो. "तब भी मेरा ही था."

तो हिच्याकडे वळला. "भौजी, चाय में शक्कर कम."

फाटलेल्या भोकात त्यानं नव्या आट्यांची बारीक नळी बाहीसारखी बसवली. मी म्हटलं, बोल्ट मी बनवून आणतो. त्यानं खिशातून मानिक चौकातल्या बाजारातला साधा बोल्ट काढला. "रहने दो. बाज़ार का टूटेगा तो गाली किसी को नहीं पड़ेगी." मग पाना माझ्याच हातात दिला. कसत गेलो, आणि जिथे मी आणखी अर्धा फेरा देतो तिथे थांबलो. हाताला ते पटलं नाही.

मंगळवारी पुलावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली. ही म्हणाली, "आज कोणी हॉर्न नाही वाजवला." ऐकायला चांगलं वाटलं.

परतताना बहिणीकडच्या पेरूंची पिशवी हिच्या मांडीवर होती. ओरछा गेटपाशी मी सवयीनं पलीकडच्या गल्लीकडे वळायला लागलो.

"सरळ घ्या. पेरू त्यांना द्यायचेत."

दुकानासमोर गाडी थांबवली. आत तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हटलं, जरा गर्दी कमी होऊ दे.

"तेव्हा गर्दीत बोलला होतात ना?" ही म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

मी उतरलो.