हिरव्या धाग्याचे चिमटे

सुरतेच्या बमरोलीत आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या तारा सगळ्यांच्या. वाळत घातलेलं कुणाचं, ते चिमट्यावरून ओळखायचं. ज्याच्या घरचा माणूस कापडाच्या लूमवर कामाला, तो तिथून धाग्याचा तुकडा आणतो आणि चिमट्याला बांधतो. आमचा हिरवा. आणला मी, बांधला बायकोने, अशी गाठ मारून की आजवर सुटली नाही.

तिला चिमटा नुसता कपड्यांपुरता नव्हता. पिठाच्या पिशवीला चिमटा, दुधाच्या पिशवीला चिमटा, भाकरी थापताना पदराला चिमटा. मी कामावर निघालो की खोलीची किल्लीसुद्धा चिमट्याने माझ्या बनियनला लावून द्यायची. मी म्हणायचो, मी काय बालवाडीत चाललो? पण काढत नव्हतो. दिवसभर लूमच्या धडधडीत ती किल्ली छातीला टोचायची. बरं वाटायचं.

गुडघे जिने चढेनात तशी ती गावी गेली, अमळनेराकडे. पाय बरे झाले की येते, म्हणाली. मलाही चल म्हणत होती. मी नाही म्हणालो. उभं आयुष्य सुरतेत काढलं, आता गावात कुणाच्या ओट्यावर बसू? तेव्हापासून माझं धुणं मीच धुतो, मीच वाळत घालतो. सून म्हणते, मशीन आहे ना. असू दे.

परवा पोराने फोनवर तिचं तोंड दाखवलं. मागे कुंपणावर तिचं लुगडं वाळत होतं, उडू नये म्हणून वर विटांचे तुकडे.

"आठे वारा भलता शे," ती म्हणाली. "लुगडं उडी जास. आपला चिमटा लई या."

"पोऱ्याना हाते धाडी देस."

"का? तुमना हातले मेंदी लागेल शे का?"

पोरगा हसला. मी फोन त्याच्या हातात दिला आणि गच्चीवर गेलो.

चिमटे गावच्या बाजारातही मिळतात, हे तिला ठाऊक आहे. तरी आपलेच मागितले, तेही मीच घेऊन यावेत म्हणून. म्हणजे ती आता इकडे यायची नाही. एवढं कळायला शाळा लागत नाही.

आज माझे दोन शर्ट तारेवर आहेत. वाळले की चिमटे काढीन आणि उद्याच्या गाडीने निघेन. किती दिवसांसाठी, ते कुणी विचारू नये. पोराने विचारलंच तर सांगेन, चिमटे द्यायला चाललोय.