दहा वाजताचं यीस्ट

अकोल्यात शेतावरच्या एका हवामान केंद्रात मी नोंदी घेतो. पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला पाहायचा. आठ पंचवीसला नाही, आठ पस्तीसला नाही. या शिस्तीचा मला अभिमान होता. मुलीलाही मी तीच शिकवली.

मुलगी अमरावतीला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होती. प्रकल्पासाठी तिला काचेचं एक भांडं मिळालं होतं. त्यात पावाचं यीस्ट. वरून साखरेचं पाणी थेंबथेंब आत यायचं आणि तेवढंच पाणी यीस्टसकट बाजूच्या नळीतून बाहेर जायचं. असं अखंड चालू ठेवलं की यीस्ट एका पातळीवर स्थिरावतं, हे तिला दाखवायचं होतं. पाणी किती गढूळ झालं यावरून आत यीस्ट किती, ते यंत्र आकड्यात सांगे.

तिचे आकडे काही स्थिरावेनात. संध्याकाळी फोन यायचा.

"बाबा, थेंब मी सोता मोजते. तरी काल दाट, आज पातळ. सर म्हणतात, तुयाच हात हालते."

"किती वाजता घेतं तू नोंद?"

"सवड भेटली का घेते."

"मंग कसं जमन, माय? सवडीनं घेतलेली नोंद म्हंजे अंदाज. दहा म्हंजे दहा."

"बरं, हवामानवाले साहेब," ती हसली.

दुसऱ्या दिवसापासून ती दहाच्या ठोक्याला नोंद घेऊ लागली आणि आकडे खरंच एका ओळीत आले. थोडे सरकत, पण तो यंत्राचा दोष धरला. सर खूश झाले. आधीचे वेडेवाकडे आकडे प्रबंधातून वगळले गेले. मी घरी बायकोला म्हणालो, पोरगी मार्गी लागली.

प्रबंध बांधून झाला. दुसऱ्या दिवशी भांडं पुढच्या विद्यार्थ्याला द्यायचं होतं. शेवटचा दिवस म्हणून ती सकाळपासून तिथेच बसून राहिली आणि हाताला काही चाळा हवा म्हणून दर अर्ध्या तासाने आकडा घेत गेली. संध्याकाळी फोन आला.

"बाबा, ते हालते वो."

"काय हालते?"

"यीस्ट! चढते, उतरते, पुन्हा चढते. साऱ्या पेशी ठरवल्यावानी एकदम. सहा घंट्यात एक फेरा. मी दहाले पायलं का ते तिथंच असते!"

मला समजायला वेळ लागला नाही. सहा तासांचे चार फेरे म्हणजे एक दिवस. झोपाळा दर वेळी त्याच जागी आल्यावरच पाहिला, तर तो थांबलेलाच वाटणार. पाऊस मापकात साठून राहतो. एकदा पाहिलं की दिवसाचा हिशेब पुरा होतो. वाहत्या भांड्यातलं यीस्ट मागचं काहीच धरून ठेवत नाही. माझा नियम पावसाचा होता.

तिने सरांकडे आणखी पंधरा दिवस मागितले. असे हेलकावे इतरांनाही दिसलेत, हे तिला पुस्तकात सापडलं होतं. पण हे तिच्या भांड्यातले होते. भांड्यात सोडलेली हवा कमी केली तर ते थांबतात का, साखर वाढवली तर लांबतात का, हे तिला पाहायचं होतं. सरांचंही खोटं नव्हतं: भांडं एकच, वाट पाहणारी मुलं चार. मी तिचं सामान आणायला गेलो तेव्हा भांडं धुऊन पालथं घातलेलं होतं. तिने ते मला नुसतं बोटाने दाखवलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

आता ती पुण्याला औषधांच्या कारखान्यात नमुने तपासते. पुढे शिकायचा विषय काढत नाही. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन येतो.

"कशी हायेस?"

"बरी हाय."

दोन वर्षं हीच नोंद.

मागच्या बुधवारी दुपारी तीनला मीच फोन लावला.

"बाबा? काहून? आई बरी हाय ना?"

"बरी हाय. सहज केला."

तिच्या मागे कसलंसं यंत्र घरघरत होतं.

"आज काई बरं नाई वाटून रायलं, बाबा," ती म्हणाली.

मी खुर्ची ओढून बसलो.